मोगरसाळीत मिसळलं कोणी?

एकाच पिशवीतल्या भाताच्या बियांमधून चार निरनिराळे वाण निघाले, तेव्हा जोगळेकर सरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "काल लॅबमध्ये कोणाचा वाढदिवस होता का?"

"नाही सर."

"मग इतके पाहुणे कुठून आले?"

जोगळेकर सर आमच्या लॅबचे मालक. बोलणं तिरकस, पण माणूस सरळ. हडपसरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक मसाल्याची गिरणी आणि एक गिअरबॉक्स दुरुस्तीचं वर्कशॉप यांच्या मधोमध आमची लॅब आहे. आम्ही बियाणं तपासतो. बी उगवतं का, त्यात खडे-काडी किती, आणि ज्या वाणाच्या नावानं ते विकलं जातंय त्याच वाणाचं आहे का. हे शेवटचं काम DNA सेक्शनचं, म्हणजे माझं. मसाल्याच्या वासात DNA काढायची मला आता इतकी सवय झाली आहे की रविवारी घरी नारायण पेठेत चुकल्याचुकल्यासारखं होतं.

काम ऐकायला अवघड वाटतं, तसं ते नाही. बी ओल्या कागदावर रुजवायचं. कोंब वर आला की चिमूटभर पान घ्यायचं आणि त्यातून DNA वेगळा करायचा. त्यातल्या ठरावीक जागा निवडून मशीनमध्ये त्यांच्या भरपूर प्रती काढायच्या, याला PCR म्हणतात. मग त्या प्रती जेलवर पळवायच्या. जेल म्हणजे चायना ग्रासची वडी करतात ना, जवळपास तीच, फक्त बिनसाखरेची. विजेच्या जोरावर DNA त्या वडीतून पळतो आणि आपापल्या जागी थांबतो. दिव्याखाली धरलं की चमकत्या रेषा दिसतात. प्रत्येक वाणाच्या रेषा ठरलेल्या उंचीवर.

भात हे पीक मोठं संकोची आहे. बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर बी धरतं. त्यामुळे शुद्ध वाणाची सगळी रोपं एका साच्यातून काढलेल्या मोदकांसारखी असतात. इंद्रायणीचं चांगलं बियाणं जेलवर लावलं तर सगळ्या रेषा एका ओळीत येतात. पाहायला छान वाटतं आणि थोडा कंटाळाही येतो.

या पिशवीतल्या बहुतेक रोपांच्या रेषा एका ओळीत होत्या. पण मधूनच एखादं रोप एक पायरी वर, एखादं दोन पायऱ्या खाली. बारकाईनं पाहिलं तर मुख्य वाण एक आणि आगंतुक वाण तीन.

पिशवी आली होती मुळशी धरणाच्या मागच्या अंगाच्या एका वाडीवरून. तिथल्या बायकांचा एक बचत गट आहे आणि सुरेखाताई त्याच्या अध्यक्ष. त्या वाडीवर पिढ्यान् पिढ्या एक सुवासिक भात होतो. दाणा आखूड, शिजला की मोगऱ्याच्या अंगानं जाणारा वास. त्याला तिथे मोगरसाळ म्हणतात. गेल्या वर्षी पुण्याच्या एका मॉलमध्ये 'मोगरसाळ' असं छापलेली चकचकीत पाकिटं दिसली. आत मोगरसाळ नव्हती, दुसराच कुठला तरी भात होता. सुरेखाताईंनी पाकीट आणून शिजवलं, एक घास खाल्ला आणि उरलेला भात कोंबड्यांना घातला. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं की आपला वाण आपल्या वाडीच्या नावावर नोंदवायचा.

अशी नोंदणी शेतकऱ्यांना करता येते. अट अशी की वाण इतरांपेक्षा वेगळा हवा, एकसारखा हवा आणि पुढच्या वर्षीही तसाच यायला हवा. शेतकऱ्यांच्या वाणाला एकसारखेपणात थोडी सूट मिळते. पण या पिशवीत जेवढी सरमिसळ होती तेवढी सूट कोणी देत नाही.

सरांचा पहिला संशय आमच्यावरच होता आणि ते बरोबरच होतं. लॅबमध्ये नळ्यांची अदलाबदल होऊ शकते. माझ्या सेक्शनमध्ये नळ्या हाताळायचं काम मंगेश करतो. तो गोंदियाचा, माझ्यापेक्षा नेटका.

"मॅडम, चूक माझी नाही जी," तो म्हणाला. "भाताच्या गावात जन्मलो मी. मुगात चुकीन, मटकीत चुकीन, भातात कसा चुकीन?"

"सर म्हणतात पुन्हा कर."

"करतो न जी. चारदा करतो."

त्यानं नवीन बी रुजवून सगळं पुन्हा केलं. निकाल तोच. म्हणजे घोळ लॅबमध्ये नव्हता, पिशवीत होता. नियमाप्रमाणे interim report गेला : मिश्र नमुना, एकसारखेपणा अपुरा. आमच्या दृष्टीनं विषय संपला होता.

तो संपला नव्हता हे मला दोन बायका लॅबच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा कळलं. पुढे सुरेखाताई, उंच, ठसठशीत कुंकू, हातात आमचा कागद. मागे चार पावलं सोडून एक तिशीतली बाई, तोंड दुसरीकडे वळवून. दोघी एकाच एसटीनं आल्या होत्या आणि वेगवेगळ्या सीटवर बसून आल्या होत्या.

"मॅडम, तुमचा ह्यो कागद आला आन् घरात दोन चुली झाल्या," सुरेखाताई म्हणाल्या. "ही माझी जाऊ, अलका. परसाल हिनं इंद्रायणी केली. समद्या गटाचं म्हननं हाय, हिच्या इंद्रायणीनं आमचं बियानं नासलं."

"गटाचं म्हननं हाय," अलका भिंतीकडे बघत म्हणाली, "आन् तुमचं काय म्हननं हाय ते पन सांगा की मॅडमला."

सुरेखाताई हातातल्या कागदाची घडी घालायला लागल्या. म्हणजे त्यांचंही तेच म्हणणं होतं.

"माझी इंद्रायणी वड्याच्या पल्याड व्हती," अलका आता माझ्याकडे वळली. "त्यातला दाना अल्याड आला न्हाय. तरी मला गटातून काढायचं चाललंय. शेजारनी मला पान्याला वाट देत न्हाईत. माझी पोरगी साळंतनं रडत येती, तिला बी बोलत्यात. तुमच्या मशीनीत काय दिसतं ते खरं सांगा. माझं असंल तर मी आपनहून गट सोडीन."

वीस-बावीस वर्षं मी report देते आहे. त्या कागदावरून एखाद्या पोरीला शाळेतून रडत यावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "इंद्रायणीचा नमुना आमच्याकडे आहे. शेजारी शेजारी लावून बघते. दोन दिवस द्या."

त्या गेल्या. सर केबिनमधून बाहेर आले.

"वैद्य मॅडम, आपण report विकतो की समेट?"

"सर, एक जेल फक्त."

"एक जेलचा खर्च कोण करणार?"

"माझ्या पगारातून कापा."

"तुमच्या पगारात जेल बसत नाही," असं म्हणून ते आत गेले. सरांच्या भाषेत याला परवानगी म्हणतात.

मंगेशनं मोगरसाळ आणि इंद्रायणी शेजारी शेजारी लावली. तिन्ही आगंतुक वाणांपैकी एकही इंद्रायणीशी जुळला नाही. एकही नाही. मी तिथल्या तिथे सुरेखाताईंना फोन लावला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, पण आवाजात बरं झाल्याचं काही नव्हतं. "पन बायका म्हनतील, इंद्रायणी नसंल तर म्हायेरचं काय तरी आनलं असंल. कुनी तरी टाकलंच आसंल ना, मॅडम? आपसूक कसं येईल?"

प्रश्न रास्त होता. मी जेलचा फोटो घेऊन पुन्हा बसले. आणि मग मला ते दिसलं, जे मी पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं, पण 'मिश्र' म्हणून मोकळी झाले होते.

काही रोपं चारांपैकी कुठल्याच वाणाची नव्हती. त्यांच्या काही रेषा मोगरसाळीच्या जागी होत्या आणि काही रेषा आगंतुकांच्या जागी. याचा अर्थ सोपा करून सांगते. भात संकोची असला तरी अगदीच संन्यासी नाही. शेजारी दुसरा वाण उभा असेल तर क्वचित वाऱ्यानं एखादा परागकण तिकडून इकडे येतो आणि संकर होतो. त्याच्या पहिल्या पिढीत दोन्ही घराण्यांच्या रेषा जोडीनं दिसतात. पुढे ते झाड पुन्हा स्वतःच्या परागावर बी धरायला लागतं. मग वर्षामागून वर्षं जातात तसं काही जागी एका घराण्याचा ठसा कायम होतो, काही जागी दुसऱ्या. नातवाचं नाक आजोबांचं आणि कान पणजीचे, तसंच हे. पण त्याला वेळ लागतो. भाताची पिढी वर्षाला एकच. आणि आमच्या नमुन्यात असे मुरलेले नातू एक-दोन नव्हते, चांगले बरेच होते.

गोदामात किंवा खळ्यावर परवा कोणी भेसळ केली असती तर चार वाण सुटे सुटे दिसले असते. हे तसं नव्हतं. ही सरमिसळ अलका त्या घरात सून म्हणून येण्याच्या कितीतरी आधीची होती. कदाचित तिच्या सासूच्याही आधीची.

मला इतका आनंद झाला की मी मंगेशला टाळी दिली, त्यानं जेलच्या रसायनाचे हातमोजे काढायच्या आधीच. तो घाबरला.

आनंदाचं दुसरंही कारण होतं. मी नोकरीला लागले तेव्हा भाताची नाना नावांची बियाणी तपासायला यायची. हळूहळू ती नावं कमी झाली. आता बहुतेक पिशव्यांवर तीच ती मोजकी नावं असतात, आणि नव्या वाणांपैकी अनेकांच्या आईबापांचं गोत्र तपासलं तर एकमेकांचे चुलतभाऊ निघतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. ते भरघोस पिकतात, आणि आमच्या घरी रोज इंद्रायणीच शिजते. पण रोग आला तर सारखी झाडं सारखीच आडवी होतात. ज्या शेतात थोडे वेगळे भाऊबंद मिसळलेले असतात तिथे काही तरी उभं राहतं. लॅबमध्ये इतक्या वर्षांत एका शेतातली एवढी विविधता मी पाहिली नव्हती. आणि मी तिच्यावर 'अपुरा' असा शेरा मारला होता.

तरीही सुरेखाताईंचा प्रश्न उरलाच होता. सरमिसळ जुनी, मान्य. पण ती होते कशी? मी सरांना म्हटलं, "मला वाडीवर जायचंय. घराघरातून वेगळा नमुना घेते. हडपसरला बसून याचं उत्तर देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे."

"लॅबची गाडी न्या," सर म्हणाले. "आणि येताना टाकी भरून आणा. उंटालासुद्धा चारा लागतो."

मंगेशनं गाडी चालवली. मे महिना होता, पेरणीच्या आधीचे दिवस. वाडीवर घरोघरी बियाण्याची पिंपं उघडून ऊन दाखवणं चाललं होतं. आम्ही सुरेखाताईंच्या ओट्यावर टेकलो. मधे हातभर उंचीची भिंत, पलीकडे अलकाचा ओटा. ती तिच्या पिंपातलं बी सुपानं पाखडत होती. दोघींमध्ये पाच हातांचं अंतर आणि एक शब्द नाही.

मी सुरेखाताईंच्या पिंपातून नमुना घेतला, पाकिटावर नाव घातलं. तेवढ्यात त्यांनी कोपऱ्यातलं एक पितळी मापटं उचललं. मापटं म्हणजे धान्य मोजायचं भांडं.

"भाऊ," त्या मंगेशला म्हणाल्या, "हे मापटं तिचं हाय. तेवढं पलीकडं देता का? म्या काय त्या दारात जायची न्हाय."

मंगेशनं हात पुढे केला. सुरेखाताईंनी मापटं त्याच्या हातात दिलं आणि देता देता दुसरा हात स्वतःच्या पिंपात घालून मूठभर बी त्यात टाकलं. इतकं सहज, जसं कोणी बोलता बोलता पदर सारखा करावा.

मंगेश भिंतीपलीकडे गेला. अलकानं मापटं घेतलं, आत पाहिलंही नाही, मूठभर बी सरळ आपल्या पिंपात उलटं केलं आणि मापटं बाजूला ठेवलं.

मंगेश जागच्या जागी उभा राहिला. "मॅडम," तो तिकडूनच ओरडला, "हे त आपल्या डोळ्यासमोर झालं जी!"

"ताई," मी विचारलं, "आत्ता मापट्यात काय टाकलंत?"

"कुठं काय टाकलं?"

"मूठभर बी."

"ते व्हय?" त्यांना प्रश्नच कळेना. "मग भांडं रिकामं कसं परत द्यायचं, मॅडम?"

"पण तुमचं तर तिच्याशी बोलणं नाही."

"बोलनं न्हाय म्हनून काय रीत सोडायची का? भांडन मानसाशी हाय. मापट्यानं काय केलंय?"

मी हसू आवरायचा प्रयत्न केला, जमला नाही. सुरेखाताई आधी रागावल्या, मग गोंधळल्या. मी विचारलं, "असं सगळ्याच घरांत करतात?"

"समद्याच. पेरनीच्या टायमाला मापटी या घरातून त्या घरात फिरत्यात. कुनाचं बी कमी पडतं, कुनाला उसनं पायजेल असतं. भांडं परत करायचं तर मूठभर आपलं घालून द्यायचं. आन् ज्याला मिळंल त्यानं ते आपल्या बियान्यात टाकायचं. शकुन असतोय त्यो."

"आणि दुसऱ्या वाडीवरून मापटं आलं तर?"

"तर काय? आमी काय भिकारी हाय का रिकामं धाडायला?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. इतके दिवस वाडीतल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, बियाण्यात कोणी काही टाकलं का? सगळ्या मनापासून सांगत होत्या, आम्ही नाही टाकलं. खोटं कोणीच बोलत नव्हतं. भांडं परत करताना मूठ घालणं याला कोणी 'टाकणं' समजतच नव्हतं. आपण श्वास घेतो हे कोणी कामाच्या यादीत सांगतं का? तसंच ते.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात सगळा गट जमला. मी जेलचा फोटो मोबाइलवर फिरवला आणि सगळं सांगितलं. इंद्रायणी कुठेच नाही. आलेले वाण आसपासच्या वाड्यांचे जुने असावेत. ते एका दिवसात आले नाहीत, एका हातानं आले नाहीत. प्रत्येक मापट्याबरोबर मूठ मूठ येत गेले.

मग मागच्या खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी खुदकन हसली. "म्हंजी आमी समद्याच चोर!"

मग जो हशा झाला तो बराच वेळ थांबेना. एकेक बाई आठवून सांगायला लागली. मी माहेरी मापटं धाडलं होतं. माझी नणंद तिकडून घालून द्यायची. माझी सासू तर दोन मुठी घालायची, हात मोठा होता तिचा.

अलका मात्र हसत नव्हती. हशा ओसरल्यावर ती म्हणाली, "झालं समद्यांचं? मग आता मला सांगा, मला चोर म्हनलं त्याचं काय?"

हसणाऱ्या सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. सुरेखाताई उठल्या. अध्यक्षाला साजेसं काही तरी बोलतील असं मला वाटलं होतं. त्या सरळ अलकापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "मोठी असून मीच आधी बोलले. समद्यांच्या म्होरं बोलले, म्हनून समद्यांच्या म्होरंच सांगती. साळा उघडली की तुझी पोरगी माझ्या पोरीसंगं साळंत जाईल. बघते कोन बोलतंय ते."

अलकाचे डोळे भरले. "जेवायला काय केलंय?" तिनं विचारलं.

"पिठलं."

"मी येती. पन भात माझा."

माझेही डोळे भरले होते हे इथे लिहून टाकते. मंगेश तर उघड उघड नाक पुसत होता.

पण नोंदणीचा प्रश्न तसाच होता, आणि त्यासाठीच तर हे सगळं सुरू झालं होतं. मी त्यांना मार्ग सांगितला. शेतांतली सरमिसळ तशीच राहू द्या, ती हवीच आहे. फक्त एक तुकडा वेगळा करा, बाकी भातापासून लांब. त्यात मोगरसाळीच्या निवडक लोंब्यांचंच बी लावा. जे झाड उंचीला, रंगाला, फुलण्याला वेगळं दिसेल ते फुलोऱ्याआधी किंवा दिसताक्षणी उपटा. बियाण्याच्या धंद्यात याला रोगिंग म्हणतात. त्याच बियाण्यावर नोंदणी करा.

"लांब म्हंजी कुठं?" सुरेखाताईंनी विचारलं. ओढ्याच्या अल्याड वाडीची सगळी शेतं एकमेकांना लागून होती.

"वड्याच्या पल्याड," अलका म्हणाली. "माझं रान हाय की. यंदा इंद्रायणी न्हाय करत तिथं."

इंद्रायणीचं पीक हुकमी. ते सोडायचं म्हणजे घरात ऐकून घ्यावं लागणार होतं. कोणी तिला भाग पाडलं नव्हतं. सुरेखाताई तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आखत्यारी तुझी. त्या तुकड्यात तू म्हनशील तसं."

"आणखी एक," मी म्हटलं. "त्या तुकड्याच्या बियाण्यात मूठ टाकायची नाही. त्याचं मापटं रिकामं परत करायचं."

नोंदणी नसली तरी चालेल पण हे नको, असे चेहरे झाले.

"रिकामं न्हाई जमायचं," म्हातारी म्हणाली.

मग तडजोडीची चर्चा सुरू झाली. भात नाही तर काय घालायचं? एकीनं शेंगदाणे सुचवले. मी नाही म्हटलं. आमच्या report मध्ये 'इतर पिकाचं बी' असा एक रकाना असतो, शेंगदाणा तिथे जाऊन बसला तर पुन्हा पंचाईत. मिरची? तिच्यातही बी. गूळ? मुंग्या. शेवटी अलकानंच विचारलं, "हळकुंड चालंल का?" हळकुंड उकडून वाळवलेलं असतं, ते उगवत नाही. शुभ असतं, आणि बियाण्यात ठेवायला कोणाची हरकत नसते. मी थोडा विचार केला आणि हळकुंड मंजूर केलं. माझ्या कारकिर्दीत मी मंजूर केलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट असावी.

पुण्याला परतल्यावर सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग final report मध्ये सरमिसळीचं कारण काय लिहिणार? शेजारधर्म?"

"जुनी, स्थानिक, नैसर्गिक विविधता, असं लिहिते."

"लिहा. आणि त्या मिश्र बियाण्याचं एक पाकीट आपल्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा. तिथे तसंही कोणाचं तरी आइस्क्रीम असतं." मग जरा थांबून म्हणाले, "पाकिटाचं भाडं लावू नका." मला सरांचं फार कौतुक वाटलं. त्यांना ते सांगितलं नाही, सांगितलं असतं तर जेलचा खर्च खरंच पगारातून गेला असता.

पुढच्या हंगामानंतर वड्याच्या पल्याडच्या तुकड्याचा नमुना आला. या वेळी पिशवीवर दोघी जावांची नावं होती. आधी साधी तपासणी, म्हणजे बी टेबलावर पसरून त्यातलं बी वेगळं, काडीकचरा वेगळा.

"मॅडम, सापडलं जी!" मंगेश ओरडला आणि त्यानं चिमट्यात धरून एक हळकुंड वर केलं.

सर आले, त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "हे कुठल्या रकान्यात जातं?"

"Inert matter, सर." म्हणजे निर्जीव घटक : खडे, माती, काडी.

"आयुर्वेदवाले भांडायला येतील," सर म्हणाले, "पण लिहा."

मग जेल. मंगेश आणि मी दिव्याखाली वाकून बघत होतो. एक रेष, दुसरी, दहावी, विसावी. सगळ्या एका ओळीत. एखाददुसरं रोप किंचित वर होतं, पण शेतकऱ्यांच्या वाणाला मिळणाऱ्या सवलतीत ते आरामात बसत होतं. मंगेशनं या वेळी हातमोजे काढून टाळी दिली.

नोंदणीला वेळ लागला. सरकारी कागद भातापेक्षा हळू पिकतो. पण पिकला. मोगरसाळ आता त्या वाडीच्या नावावर आहे. मॉलमधल्या पाकिटावरचं नाव बदललं, आता तिथे नुसतं 'सुगंधी तांदूळ' असं आहे, आणि भाव तोच. अलका गटाची बियाणं प्रमुख आहे, आणि सुरेखाताई तिला विचारल्याशिवाय पिंपाचं झाकण उघडत नाहीत, असं अलकानंच मला फोनवर सांगितलं. मागून सुरेखाताईंचा आवाज आला, "उघडते की! सांगत न्हाय एवढंच."

आमच्या लॅबमध्ये नवीन कोणी कामाला लागलं की मी त्याला जेल वाचायला शिकवते, आणि एक गोष्ट बजावते. नमुना मिश्र निघाला तर लगेच चोर शोधू नये. आधी सरमिसळीचं वय पाहावं. ती कालची असेल तर भेसळ म्हणावं. चार पिढ्यांची असेल तर तिला वारसा म्हणावं आणि report वर सही करण्याआधी एकदा गाडी काढून जाऊन यावं. डिझेल भरून आणावं लागतं, ते वेगळं.